साडेपाचचे सहा

पुष्पलता पागधरे नवापूरहून रोज सकाळी सातच्या एस.टी.ने बोईसरला जायची. औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात ती कामाला होती. विभाग कसला, तीन मशीनं, एक प्रिंटर आणि चंद्रभान नावाचे कानपूरकडचे एक साहेब. पालघरच्या कॉलेजातून गणित घेऊन बी.एस्सी. झालेली ती आळीतली पहिली मुलगी, आणि मासळीच्या टोपलीला हात न लावता पगार आणणारीही पहिलीच. तिच्यापेक्षा तिच्या भावालाच याचा अभिमान जास्त. बोटीवर कोणी विचारलं, "पुंडलिक, तुजी भयीण तिकडं काय करते रं?" तर तो म्हणायचा, "मशीनला अक्कल शिकवते."

घरात माणसं मोजकी. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. बाप महादू चाळीस वर्षं तांडेल म्हणून बोट हाकून गुडघे धरून बसला होता, आणि बोट आता पुंडलिकच्या हातात होती. पुंडलिकची बायको हिरा घिवलीची, पुष्पलताच्याच वयाची. नणंद-भावजय म्हणण्यापेक्षा त्या मैत्रिणीच होत्या. सकाळी एकीने दुसरीची वेणी घातल्याशिवाय दोघींचा दिवस सुरू होत नसे. पुंडलिक आणि हिराची मुलगी हंसा तीन वर्षांची होती.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात चंद्रभान साहेबांनी एका मासिकासोबत आलेली सीडी आणली आणि कोपऱ्यात पडून असलेल्या जुन्या मशीनवर चढवली. तिच्यात शेकडो प्रोग्राम होते. जेवणाच्या सुट्टीत ते उघडून बघता बघता पुष्पलताला एक सापडला, जगभरच्या बंदरांच्या भरती-ओहोटीच्या वेळा काढून देणारा. यादीत मुंबई होती. आणि प्रोग्रामसोबत त्याचा सगळा मूळ कोड, ओळ न् ओळ, दिलेला होता.

"सर, ये कोड ऐसे ही दे दिया है?" तिने विचारलं.

"सब खुला है," चंद्रभान म्हणाले. "पढ़ो, बदलो। कुछ सुधारा तो लिखनेवाले को भेज दो। उसको ठीक लगा तो अगली बार सबके लिए डाल देगा।"

"और पैसे?"

"ना वो लेता है, ना तुम्हें देगा।"

पुष्पलताला त्यात फारसं नवल वाटलं नाही. बोट वर ओढायची असली की वाटेने जाणारा माणूस टोपी सारून खांदा लावतोच, बोट कोणाची हे कोण विचारतो. हे तसंच काहीतरी असावं, असं तिने मनाशी धरलं.

प्रोग्राम लिहिणारा योस्ट नावाचा एक डच गृहस्थ होता. आयुष्यभर बंदराच्या कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेला. त्याच्या यादीत नवापूर असण्याचं कारणच नव्हतं, आणि मुंबईच्या वेळा नवापूरला तंतोतंत लागू पडत नाहीत हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तेव्हा पुष्पलताने ठरवलं की आपण मोजायचं. हिवाळ्यात, सुट्टीच्या दिवशी, ती धक्क्यापाशी एक बांबू रोवून बसायला लागली. बांबूवर वितीवितीच्या अंतरावर तेलरंगाच्या रेघा. महादू शेजारच्या दगडावर बसायचा. वही तिच्या हातात, घड्याळ तिच्या मनगटावर, पण बांबूवर काही दिसायच्या आत महादू म्हणायचा, "फिरलं."

"कुठं फिरलं, बाबा? रेघ तर तिथंच हाय."

"लिही तू. फिरलं."

पाच-सात मिनिटांनी बांबूवरची ओली रेघ उघडी पडायची. दोन महिने हे चाललं. एकदाही बापाचं 'फिरलं' खोटं ठरलं नाही. पाणी फिरतं, भरतीची ओहोटी होते, तेव्हा त्याचा आवाज बदलतो, असं तो म्हणायचा. पुष्पलताला तो आवाज कधी ऐकू आला नाही.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत तिने सगळे आकडे नीट मांडून कारखान्याच्या ई-मेलवरून योस्टला पाठवले. त्याने चार शंका विचारल्या, तिने उत्तरं दिली, आणि महिन्याभरात प्रोग्रामच्या बंदरांच्या यादीत नवापूर आलं. हातभार लावणाऱ्यांच्या नावांमध्ये तिचं नावही आलं. त्या यादीचा छापील कागद पुंडलिकने हिराला वाचून दाखवला. इंग्रजी त्याला जेमतेम यायचं, पण बहिणीचं नाव त्याने बोट ठेवून बरोबर शोधलं.

त्यानंतर दर महिन्याला पुष्पलता नवापूरच्या पाण्याच्या वेळा छापून आणू लागली. एक प्रत मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर, एक पुंडलिककडे. तो ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बोटीवर ठेवायचा. जुनी माणसं तिथीवरून हिशेब करायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पण तो हिशेब ढोबळ, आणि हा कागद मिनिटावर. दोन-तीन महिन्यांत तरणे तांडेल फळ्यासमोर उभे राहून वेळा हाताच्या तळव्यावर लिहून घेऊ लागले. महादूही फळ्याजवळ जायचा. कागद वाचता येत नसे, तरी कोणाकडून तरी वेळ विचारून घ्यायचा, धक्क्यावर जाऊन बसायचा आणि परत येऊन म्हणायचा, "बरोबर हाय तुजं."

यात एकच कटकट होती. प्रोग्राम वेळ दाखवायचा ती ग्रीनिचची. प्रत्येक वेळेत साडेपाच तास मिळवून आपली वेळ काढावी लागे, आणि ते पुष्पलता हाताने करायची, महिन्याला शे-सव्वाशे वेळा. ऑगस्टमध्ये तिने योस्टला लिहिलं की ज्या त्या गावची वेळ प्रोग्रामनेच दाखवली तर लोकांचं काम सोपं होईल. त्याला ही सूचना आवडली. ऑक्टोबर संपता संपता नवी आवृत्ती आली, सोबत दोन ओळी: तुमच्या सूचनेवरून केलं आहे, वापरून बघा. प्रोग्राम आता विचारायचा, ग्रीनिचपासून तुमच्याकडे किती तासांचा फरक? पुष्पलताने साडेपाच असं भरलं. त्याने मुकाट्याने ते घेतलं आणि नोव्हेंबरचा अख्खा महिना दोन मिनिटांत छापून दिला. दिवाळी नुकतीच झाली होती, कारखान्यात साठलेलं काम डोक्यावर होतं. जुन्या पद्धतीने एखादा दिवस पडताळून पाहावा, असं तिच्या मनात आलं. पण एस.टी.ची वेळ झाली होती.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेला संध्याकाळी ती घरी आली तेव्हा महादू ओट्यावर बसला होता.

"पुष्पा," तो म्हणाला, "तुजा कागद मागं पडलाय."

"मागं म्हणजे?"

"पाणी आदी फिरलं आज. कागद म्हणतो त्याच्या आदी. कालपण तसंच."

"किती आदी?"

"अर्धा तास असंल."

ती दमली होती. पायातल्या चपला काढता काढता म्हणाली, "पुनव जवळ आली, बाबा. उधाणाला थोडं इकडंतिकडं होतं. वारापण हाय."

"वाऱ्यानं अर्धा तास नाय होत."

पुंडलिक आत जाळं सांधत होता. तिथूनच म्हणाला, "बाबा, इतक्या महिन्यांत कागद चुकला नाय. तुमचा कान आता म्हातारा झाला."

महादू हसला नाही, रागावलाही नाही. "बघ एकदा," एवढंच तो पुष्पलताला म्हणाला. ती हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात पगाराचं मशीन बंद पडलं, आणि ते राहिलं. तिसऱ्या दिवशीही राहिलं.

पाच नोव्हेंबरला, त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी साडेतीनच्या सुमारास पुंडलिकची बोट परत येत होती. नवापूरच्या खाडीच्या तोंडाशी खडक आहेत. भरती झाल्यापासून अडीच तासांच्या आत खाडीत शिरलं तर बोट त्यांच्यावरून सुखरूप जाते. त्यानंतर बाहेर नांगर टाकून पुढच्या भरतीची वाट बघायची, हा महादूच्या बापापासूनचा नेम. कागदावर भरतीची वेळ एक वाजून वीस मिनिटं होती. म्हणजे दहा मिनिटं कमी चारपर्यंत वाट मोकळी.

खरी भरती होऊन गेली होती एकला दहा कमी असताना.

महादू धक्क्यावर उभा होता. बाहेर ओढणारं पाणी तो बघत होता, आणि बोट तोंडाकडे वळली तशी त्याने अंगातला सदरा काढून दोन्ही हातांनी हलवायला सुरुवात केली. किनाऱ्यावर बायका बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घालत होत्या. हिराही त्यांच्यात होती. सासरा असा उघड्या अंगाने सदरा का हलवतोय हे तिला कळेना. तिने समुद्राकडे बघितलं तेव्हा बोट खडकाला लागली होती. खालून पाणी बाहेर ओढत होतं, समोरून लाटा येत होत्या. बोट आडवी झाली, आणि पुढच्या लाटेने उलटली.

बोटीवर चौघे होते. तिघे पोहून आले. पुंडलिक बोटीखाली सापडला. दोन होड्या आणि वीस माणसं लागून त्याला काढायला तासभर गेला.

कारखान्यात फोन आला तो गेटवर. चंद्रभान साहेब स्वतः निरोप घेऊन आले. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, "घर चलो, मैं छोड़ता हूँ," एवढंच म्हणाले. स्कूटरवर मागे बसल्यावर पुष्पलताला वाटलं, बाबांना काहीतरी झालं असणार. नवापूर येईपर्यंत ती बापासाठीच रडत होती.

चौथ्या दिवशी दुपारी भेटायला आलेल्या माणसांनी ओटा भरला होता. बोटीवरून वाचलेला रामू खांबाला टेकून बसला होता. त्याचा एक हात गळ्यात बांधलेला. कोणीतरी त्याला विचारलं, आणि तो परत एकदा सांगू लागला.

"काका सदरा हलवत होते ते आमाला दिसलं. मी बोललो, दादा, काका नको बोलतात वाटतं. दादानं कागद काढला. बोलला, बाबा उगाच घाबरतात, अजून पंधरा मिनटं हायत." रामूने मान खाली घातली. "मग आमी आत घातली."

एक म्हातारा म्हणाला, समुद्राला कागद कळतो काय. दुसऱ्याने म्हटलं, वेळ आली होती, दुसरं काय. विषय दुसरीकडे वळला. पुष्पलता आतल्या दाराशी बसली होती. तिने बापाकडे बघितलं. महादू जमिनीकडे बघत होता, आणि त्याने मान वर केली नाही. हिराच्या डोक्यावर पदर होता. तिने ऐकलं की नाही, ते कळलं नाही.

बारावं झाल्यावर पुष्पलता कामावर गेली. बाकी कशाला हात लावण्याआधी तिने कपाटातली प्रोग्रामची जुनी आवृत्ती काढली. पाच नोव्हेंबर, नवापूर. आलेल्या वेळेत हाताने साडेपाच तास मिळवले. बारा पन्नास. मग नवी आवृत्ती. एक वीस. दोन्ही कागद तिने टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

मग तिने कोड उघडला. चूक शोधायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. योस्टने फरकाचा आकडा पूर्ण तासांत ठेवला होता. मधलं काही आलं तर अर्ध्याच्या खालचं सोडून द्यायचं, अर्धा किंवा वरचं पूर्ण धरायचं. शाळेत शिकवतात तसंच. त्याच्या देशात फरक एक तासाचा, त्याच्या ओळखीच्या बहुतेक देशांत पूर्ण तासांचा. तिने भरलेल्या साडेपाचचे प्रोग्रामने सहा केले होते, काही न विचारता, काही न सांगता.

चंद्रभान मागे येऊन उभे होते. त्यांनी दोन्ही कागद बघितले, पडद्यावरची ओळ बघितली, आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.

"इसमें लिखा है," ते म्हणाले, "शुरू में ही, कि इसके भरोसे नाव मत चलाना। कोई गारंटी नहीं।"

"मैंने पढ़ा था, सर," पुष्पलता म्हणाली. "फळ्यावरच्या कागदावर ते मी छापलं नव्हतं." आपण मराठीत बोललो हे तिच्या लक्षातही आलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी हिरा हंसाला घेऊन विहिरीवर पाणी आणायला गेली होती. पुष्पलता बापासमोर जाऊन बसली. तिने सगळं सांगितलं. साडेपाचचे सहा कसे झाले तेही, जमिनीवर बोटाने आकडे काढून.

"तुमी मला सांगितलं होतं," ती शेवटी म्हणाली. "दोन तारखेला. मी बघितलं नाय."

"म्हाईत हाय."

"मला बोला काहीतरी, बाबा."

"काय बोलू? मीपण त्याला सकाळी बोललो नाय. दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा सांगितलं तर म्हातारा किटकिट करतो म्हणंल, म्हणून गप ऱ्हायलो." गुडघ्यावरचा हात त्याने दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला. "तो माणूस वाईट हाय?"

"कोण?"

"ज्यानं बनवलं तो."

"नाय. म्हातारा हाय. तुमच्याएवढा असंल."

"त्याला सांगितलंस?"

"मला त्याला हातसुद्धा लावायचा नाय आता. सोडून दिलं मी ते."

महादूने जमिनीवरचे आकडे बघितले. मग म्हणाला, "असा अर्धा तास आणि कुठं हाय?"

पुष्पलताने आठवून सांगितलं. इराण. ब्रह्मदेश. ऑस्ट्रेलियाचा एक भाग.

"तिकडं दर्या हाय?"

"हाय."

"मग तिकडंबी बोटी आत येत असतील," महादू म्हणाला. "तू धाड ते. उद्याच धाड."

दुसऱ्या दिवशी तिने ती दुरुस्ती केली. फरक तासांत नाही, मिनिटांत ठेवायचा, एवढंच काम. सात ओळी बदलल्या. इराणची एक, ब्रह्मदेशची एक, ऑस्ट्रेलियातल्या डार्विनची एक, अशा वेळा काढून हाताने पडताळल्या, दोनदा. योस्टला आधी तिने लांबलचक पत्र लिहिलं, त्यात रामू होता, सदरा होता. मग ते सगळं पुसलं आणि फक्त चूक काय, दुरुस्ती काय, एवढं ठेवलं. जोडीला एक ओळ लिहिली: ही चूक प्रथम माझ्या वडिलांच्या लक्षात आली, तीही कॉम्प्युटर न वापरता. नावांच्या यादीत त्यांचं नाव घालावं, माझं नको. महादू पागधरे, नवापूर.

योस्टचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. मनापासून आभार मानले होते. आठवड्याच्या आत दुरुस्त आवृत्ती सगळीकडे जाईल, असं लिहिलं होतं. शेवटी कुतूहलाने विचारलं होतं: कॉम्प्युटर न वापरणाऱ्या माणसाच्या लक्षात ही गोष्ट कशी काय आली?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला पुष्पलताला पाच दिवस लागले. तिने लिहिलं, माझ्या वडिलांना पाणी फिरल्याचं ऐकू येतं. त्यांनी मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. पाच तारखेला माझा भाऊ तुमच्या आणि माझ्या कागदावर विसंबून खाडीत शिरला आणि गेला. तुम्हाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

तीन आठवडे काही आलं नाही. दुरुस्त आवृत्ती मात्र ठरल्याप्रमाणे आली. तिच्यात आधीची आवृत्ती वापरणाऱ्या सगळ्यांसाठी ठळक सूचना होती, आणि चूक दाखवून देणारा म्हणून महादूचं नाव. डिसेंबरच्या मध्याला पत्र आलं. योस्टने लिहिलं होतं की तो रोज पत्र लिहायला बसायचा आणि न लिहिताच उठायचा. त्याने नवा भाग दोन शहरांच्या वेळांवर तपासला होता, दोन्ही पूर्ण तासांची. त्याची बायको त्या आठवड्यात आजारी होती, पण हे कारण नाही, असंही त्याने लिहिलं होतं. 'बंदराच्या कचेरीत असताना मला खिडकीतून बोटी दिसत. घरी बसून लिहायला लागल्यावर त्या दिसेनाशा झाल्या. तुमच्या वडिलांना माझ्यातर्फे काय सांगावं, मला कळत नाही. तुम्हाला कळलं तर सांगा.'

पुष्पलताने ते पत्र बापाला मराठीत करून सांगितलं. महादू म्हणाला, "बायको बरी झाली का विचार त्याला."

हिराला सांगायचं राहिलं होतं. महादू म्हणाला होता, घाई करू नको. पण एका सकाळी हिरा नेहमीसारखी पुष्पलताच्या मागे बसून तिची वेणी घालत होती आणि म्हणाली, "कधी कधी वाटतं, देवाला माजंच घर का दिसलं?" तेव्हा पुष्पलताला ते सोसेना. तिने तशीच, समोर भिंतीकडे बघत, सांगून टाकलं.

हिराचे हात थांबले. केसांचे तीन पेड तिच्या बोटांत तसेच राहिले. मग ते सुटले. ती उठून बाहेर गेली. संध्याकाळी तिचा भाऊ घिवलीहून आला, आणि ती हंसाला कडेवर घेऊन माहेरी गेली. जाताना सासऱ्याच्या पाया पडली. पुष्पलता दारात उभी होती. हिरा तिच्या अंगावरून पुढे निघून गेली.

जानेवारीत सोसायटीचे चेअरमन दिनानाथ घरी आले. तरणे तांडेल कागद मागत होते. पुष्पलताने नाही म्हटलं. खरं काय घडलं ते तिने त्यांनाही सांगितलं, आणि हेही सांगितलं की ते त्यांनी सगळ्यांना सांगावं. आळीत आठवडाभर बोलणं झालं. काही बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या, काही जास्तच बोलू लागल्या. रामूने मात्र येऊन सांगितलं, "ताई, कागद लाव. काका बघून मान हलवतील तेव्हाच आमी धरू." फेब्रुवारीपासून कागद परत लागू लागला. वर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेलं असे की यावर एकट्यावर विसंबू नये. महिन्याच्या सुरुवातीला महादू चार दिवस धक्क्यावर बसायचा आणि मग सोसायटीत जाऊन सांगायचा. तोवर कोणी वेळ उतरवून घेत नसे. चंद्रभान साहेबांची त्याच सुमारास बदली झाली. जाताना ते म्हणाले, हे काम सोडू नकोस. ती सोडणार होती की नाही, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. पण पुढच्या दोन आवृत्त्यांत गुजरात आणि कोकणातली सहा गावं तिने घातली, आणि प्रत्येक गावासाठी तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारून.

एप्रिलमध्ये हंसाचा वाढदिवस होता. पुष्पलता रविवारी घिवलीला गेली. अणुवीज केंद्राच्या बाजूने जाणाऱ्या रस्त्याने रिक्षा निघाली, आणि हिराचं माहेर येईपर्यंत परत फिरावं का, हाच विचार तिच्या डोक्यात चालला होता. हिरा अंगणात मासळी साफ करत बसली होती. तिने मान वर करून बघितलं, पाट पुढे सरकवला, आणि काम तसंच चालू ठेवलं. हंसा आत्याला बघून आधी आईच्या मागे लपली, मग हळूच बाहेर आली आणि नव्या फ्रॉकची बटणं मोजू लागली.

पुढची मासळी हातात घेऊन हिरा बोलली, खाली बघूनच.

"तू मला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं."

"मला राहवलं नाय, वयनी."

"तुजं ओझं कमी झालं. माजं वाढलं. तोवर मी देवाला शिव्या देत होते. ते सोपं होतं, तो कुठं दिसतो? आता तुजं तोंड येतं डोळ्यासमोर." तिने सुरी पाण्यात बुडवली. "आणि तुजं तोंड आलं की मागून तेपण येतात. ते तुला किती मानायचे ते येतं. मी कोणाला काय बोलू?"

माफ कर, म्हणायला पुष्पलता आली होती, पण तो शब्द आता तिच्या तोंडून निघेना.

"पोरीला भेटायला येत जा," हिरा म्हणाली. "तिला आत्या पायजे. माज्याशी बोलू नको इतक्यात."

"बरं."

हिराने साफ केलेली मासळी टोपलीत भरली, दोन मोठे पापलेट निवडून केळीच्या पानात बांधले आणि पुष्पलतासमोर ठेवले. "बाबांना दे," ती म्हणाली, आणि घरात निघून गेली.

पुष्पलता तासभर हंसाशी खेळली. उन्हं कलल्यावर पानातली मासळी घेऊन ती रस्त्याला लागली. फाट्यापर्यंत चालत जावं लागणार होतं. हंसा कुंपणापर्यंत सोडायला आली आणि पुढच्या रविवारी पण ये, असं म्हणाली. पुष्पलता हो म्हणाली.